सरुबाईचं बसणं

कंपनीत बाहेरचं ऑडिट, म्हणजे माल घेणाऱ्यांची कामगारांच्या सोयींची तपासणी, यायची असली की आमच्या बायका म्हणायच्या, "उद्या बघायला येणारेत." मुलगी बघायला येतात तसं. आणि खरंच सगळं तसंच चालायचं. आदल्या दिवशी फरशी दोनदा पुसली जायची, प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि मलम यायचं, कॅन्टीनच्या चहाला दुधाचा रंग चढायचा, आणि स्टोअरमधून बारा निळे प्लास्टिकचे स्टूल बाहेर निघायचे. धूळ झटकून ते चेकिंगच्या बारा टेबलांपाशी एकेक ठेवले जायचे. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली की स्टूल पुन्हा स्टोअरमध्ये. वर्षातून दोनदा हा सोहळा. मी तो सात वर्षं पाहिला. नुसता पाहिला म्हणणं म्हणजे स्वतःला सोडून देणं झालं. मीच तो मांडायचे.

मी पद्मजा. मूळची नाशिकची, सिल्वासातल्या एका टॉवेलच्या कंपनीत वेल्फेअर ऑफिसर. कामगार पाचशेच्या वर गेले की असा अधिकारी नेमावा लागतो, म्हणून मला नेमलंय. नेमणूक कायद्याची, पगार कंपनीचा. टोकरखाड्यातल्या माझ्या फ्लॅटच्या कपाटात कारखाना कायद्याचं पुस्तक आहे. त्यातलं चव्वेचाळिसावं कलम सांगतं की उभ्याने काम करणाऱ्याला मध्ये टेकायला मिळेल अशी बसायची सोय मालकाने केली पाहिजे. हे कलम मला तोंडपाठ आहे. त्याचा उपयोग मी ऑडिटची तयारी करून घेण्यापलीकडे कधी केला नाही.

सरुबाई त्या बारा टेबलांपैकी तिसऱ्या टेबलावर. शिरपूरकडची, वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, नवरा, नाव कारभारी, दादऱ्याला एका गोडाऊनवर गार्ड. मी आले त्याच्या दोन वर्षं आधीपासून ती इथे होती. कागदावर मात्र कंपनीची नव्हे, ठेकेदाराची. काम सांगायला सोपं. टॉवेल ओढायचा, उलटसुलट बघायचा, सुटलेले धागे छोट्या कटरने कापायचे, डाग किंवा विणीतली चूक दिसली तर बाजूला टाकायचा, नाहीतर घडी. घडी झाली की लगेच पुढचा. सरुबाईला डाग डोळ्याने बघावा लागायचा, पण विणीतली चूक तिच्या बोटांना कळायची. माझ्याशी बोलता बोलता हात थांबायचा आणि म्हणायची, "हा गेला." बघावं तर खरंच एक धागा उडालेला.

हे सगळं उभ्याने, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, मध्ये जेवणाचा अर्धा तास. खाली सिमेंटची गार फरशी. बायका पायाखाली खोक्याचा पुठ्ठा घालायच्या, तर सुपरवायझर येऊन तो उचलून न्यायचा. लाइनमध्ये फालतू वस्तू नको, असा नियम. मग त्या बाथरूमला जायच्या आणि तिथे पाच मिनिटं नुसत्या बसायच्या. बायका बाथरूमला फार जातात अशी माझ्याकडे लेखी तक्रार आली होती. मी त्यावर मीटिंग घेतली. बाथरूममध्ये वेळ कसा जातो हे मला चांगलं माहीत होतं, पण मीटिंगमध्ये मी पाणी कमी-जास्त पिण्यावर बोलले. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आमचे प्लांट हेड राजेंद्रसर. मुंबईचे, सभ्य, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांचं म्हणणं ठरलेलं, "पद्मजा, माणूस बसला की हात मंदावतो." स्वतः ते दिवसभर बसून काम करत, पण हे त्यांच्या ध्यानात आणून देण्याची माझी छाती नव्हती.

ऑडिटवाले बायकांशी बंद खोलीत बोलतात, तिथे आमच्यापैकी कोणी नसतं. म्हणून बायकांना आधी पढवावं लागतं. ते कामही माझंच. कॅन्टीनमध्ये बसवून मी विचारायचे आणि त्या म्हणायच्या. ओव्हरटाइम? मर्जीने करतो मॅडम. कोणी ओरडतं का? नाही मॅडम. बसायला आहे का? स्टूल आहेत मॅडम, रोज बसतो. गुड्डी नावाची एक पोरगी, सरुबाईच्या शेजारच्या टेबलावरची, हसायला लागायची आणि सगळं बिघडवायची. सरुबाई मात्र माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. चेहरा शांत, आवाज खणखणीत, मराठीत विचारा की हिंदीत, उत्तर तयार. म्हणून दर वेळी तिलाच पुढे करायचो. बघायला येणाऱ्यांपुढे घरातली शहाणी मुलगी बसवावी तसं.

मागच्या दिवाळीनंतर तिचे पाय बिघडले. आधी संध्याकाळी सुजायचे, मग सकाळीही उतरेनात. डाव्या घोट्याच्या वर शिरा गाठी येऊन निळ्या पडल्या आणि तिथे एक जखम झाली, ती भरेना. एक दिवस ती माझ्या केबिनमध्ये आली, साडी जराशी वर केली आणि म्हणाली, "मॅडम, हे पाहा. सरकारी दवाखान्यात गेली होती. डॉक्टरनी लिहून दिलंय."

चिठ्ठीवर लिहिलं होतं की सतत उभं राहणं टाळावं, बसून करायचं काम द्यावं.

"मला दुसरं कामबिम नको," ती म्हणाली. "हेच करते. फक्त तो स्टूल आहे ना स्टोअरमध्ये, तो एक काढून द्या. बस्स."

मी म्हटलं, बघते. चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथे ती तीन आठवडे पडून राहिली. मी विसरले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. एकीला स्टूल दिला की अकराजणी मागणार, राजेंद्रसर मला बोलावणार, मी मान खाली घालणार. हे सगळं डोळ्यांसमोर यायचं आणि मी ड्रॉवर बंद करायचे. त्या तीन आठवड्यांत सरुबाईने एकदाही आठवण करून दिली नाही. जाता-येता भेटली की नुसती बघायची.

त्या मधल्या काळातच ऑडिट आलं. या वेळी पुण्याहून रसिका नावाची एक मुलगी आली, तिशीही न गाठलेली. पायात बूट, हातात टॅबलेट, बोलणं मऊ. आधीचे ऑडिटवाले चेकिंगमधून फेरी मारायचे, स्टूल बघायचे, कागदावर खूण करायचे, पुढे जायचे. ही थांबली. तिसऱ्या टेबलापाशीच थांबली. कारण सरुबाईचा स्टूल टेबलापासून हातभर लांब होता आणि त्यावर गुड्डीने आपली डब्याची पिशवी ठेवली होती.

"हा तुमचाच ना?" तिने विचारलं.

"हो मॅडम. रोज बसतो," सरुबाई म्हणाली.

"मग बसून काम करून दाखवता?"

मी शेजारीच होते. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. इतकी वर्षं ते स्टूल मी मांडले, मोजून स्टोअरमध्ये परत पाठवले, पण त्यावर बसून कोणी काम करेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. ते कोणी कधी विकत आणले, कोणत्या मापाने, देव जाणे. दुकानात स्वस्त दिसले असतील. स्टूल बुटके, टेबलं मात्र उभ्याच्या उंचीची.

सरुबाईने पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढला आणि बसली. टेबलाची कड तिच्या कपाळाला लागली.

मी पढवलं होतं की ऑडिटवाले समोर असताना हात थांबवायचा नाही. तिने थांबवला नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन तिने टेबलावर टॉवेल चाचपला आणि कटरने धागा शोधायला लागली. तिला टॉवेल दिसत नव्हता, नुसत्या बोटांनी करत होती. गुड्डीला हसू फुटलं. मग सगळ्याच बायका हसल्या. मलाही हसू आलं. सरुबाई हसत नव्हती. ती मन लावून, मान वर करून, ते काम करत होती.

रसिका म्हणाली, "रोज असंच बसता?"

मी मनात म्हटलं, बोल बाई, नाही म्हण. खरंच मला तसं वाटलं. मी स्वतः तोंड उघडलं नाही, पण तिने उघडावं असं मला वाटलं.

"हो मॅडम," सरुबाई म्हणाली. "रोज."

रसिकाने टॅबलेटवर बराच वेळ लिहिलं.

ऑडिटच्या अहवालात आमच्यावर शेरा आला. बसायची व्यवस्था वापरण्याजोगी नाही, तीस दिवसांत दुरुस्ती करावी, पुरावा पाठवावा. राजेंद्रसर चिडले नाहीत. खरेदीवाल्यांना बोलावून म्हणाले, उंच स्टूल मागवा, पाठीला टेका आणि खाली पाय ठेवायला दांडी असलेले. आलेल्या शेऱ्यांपैकी हा त्यांना सगळ्यांत सोपा वाटला.

त्यांचा तो सूर ऐकून मला धीर आला. इतक्या दिवसांत नव्हता तो त्या दिवशी कुठून आला कोण जाणे. मी ड्रॉवरमधून डॉक्टरची चिठ्ठी काढली, तिला एक टिपण जोडलं, की नवे स्टूल येईपर्यंत सदर महिलेस बसून करायचे काम द्यावे, आणि फाइल सरांच्या टेबलावर ठेवली. घरी जाताना मला फार हलकं वाटत होतं. त्या रात्री मी नाशिकला आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

दोन दिवसांनी सरांनी बोलावलं. ते काळजीत दिसले. "ही बाई उभं राहून काम करायला फिट नाही, असं डॉक्टर म्हणतोय," ते म्हणाले. "आणि हे तुझ्याकडे तीन आठवड्यांपूर्वीच आलं होतं? तारीख बघ. उद्या लाइनवर कोसळली तर जबाबदार कोण? तू आणि मी."

"सर, म्हणून तर बसून काम—"

"ते स्टूल आले की बघू. आत्ता मी रिस्क घेऊ शकत नाही. ठेकेदाराला कळवलंय."

ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी गेटवरच सरुबाईला सांगितलं, तब्येत सुधारली की या. तिचं कार्ड काढून घेतलं. कंपनीने तिला काढलं नव्हतं, कारण कंपनीने तिला कधी ठेवलंच नव्हतं. ठेकेदारानेही काढलं नव्हतं, घरी आराम करायला सांगितलं होतं. सगळं इतकं नीट बसलं होतं की कुठे बोट ठेवावं कळेना. बोट ठेवायला एकच जागा होती, माझं टिपण. चांगल्या अक्षरात लिहिलेलं.

मी सरांकडे पुन्हा गेले. कलम सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पद्मजा, तूच कागद दिलास ना?" त्यानंतर मी गेले नाही. मी दमले होते, असं मी स्वतःला सांगितलं. दमले होतेच. पण बायका रोज दहा तास उभ्या राहून दमतात आणि मी, सरांना नाही म्हणावं लागेल या भीतीने, दमते, हा फरक मला कळत होता.

नवे स्टूल तेविसाव्या दिवशी आले. छान होते. काळी गादी, पाठीला टेका, उंची खालीवर करायचा खटका. गुड्डी पहिल्यांदा बसली तेव्हा तिने टेबलावर दोन्ही कोपरं टेकवली आणि डोळे मिटले. पुठ्ठे घालायची गरज उरली नाही. मी फोटो काढून रसिकाला पाठवले.

तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. फोटो चांगले आहेत, पण शेरा ज्या कामगाराच्या टेबलावर नोंदला होता त्याच कामगाराचा, नव्या स्टूलवर बसून काम करतानाचा, कार्ड दिसेल असा फोटो हवा. सोबत नाव, किती वर्षं काम करते, सध्याची स्थिती.

राजेंद्रसरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "एक दिवस बोलव तिला. तुझं ऐकेल ती."

सरुबाई सामरवरणीत राहते, चाळीच्या एका खोलीत. मी गेले तेव्हा कारभारी ड्यूटी करून नुकता आला होता आणि ती चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, जमिनीवर पाय लांब करून मेथी निवडत होती. पायाला पट्टी बांधलेली. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, "बसा हो, बसा." म्हटलं आणि जीभ चावली.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चिठ्ठी तीन आठवडे माझ्याकडे पडून होती हेही सांगितलं, आणि फाइलला जोडली ती मीच, हेही. ती मेथी निवडत राहिली.

"तुम्ही भल्यासाठीच केलं मॅडम," ती म्हणाली. त्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"नाही आलात तरी चालेल," मी म्हटलं. "मी त्यांना कळवते, बाई कामावर नाही म्हणून."

"मग काय होईल?"

कदाचित माल घेणारा ऑर्डर थांबवेल. कदाचित रसिका कान उपटेल आणि सरुबाईला परत घ्यावं लागेल. कदाचित राजेंद्रसर मला घरी बसवतील. मी एवढंच म्हटलं, "सांगता येत नाही."

"गुड्डी म्हणे की स्टूल लई भारी आलेत," सरुबाई म्हणाली. "ते काढून नेतील का मग?"

"ऑर्डरच गेली तर काहीही होऊ शकतं."

तिने कारभारीकडे पाहिलं. तो बूट काढत होता. "जाय," तो अहिराणीत म्हणाला. "फोटोच शे ना."

दुसऱ्या दिवशी ती आली. गेटवर तिला जुनं कार्ड परत दिलं, गळ्यात घालायला. चेकिंगमध्ये बायकांनी तिला घेरलं, गुड्डी गळ्यात पडली. तिसऱ्या टेबलावर एक नवी बाई लागली होती, तिला थोडा वेळ बाजूला केलं. सरुबाईने स्टूलला हात लावून पाहिला, गादी दाबली, खटका वर-खाली केला. मग बसली. दांडीवर दोन्ही पाय ठेवले. टेबल तिच्या कमरेच्या जरा वर आलं, जसं यायला हवं तसं. तिने टॉवेल ओढला आणि मी फोटो काढला. एकच काढला, चांगला आला. कार्ड दिसत होतं, चेहरा दिसत होता, कटर धाग्यावर होता.

मी वर जाऊन मेल लिहिला. नाव, सरुबाई. काम, नऊ वर्षं. सध्याच्या स्थितीपाशी मी थांबले. तिला घरी बसवलंय, एवढं एक वाक्य मी लिहू शकले असते. कर्सर लुकलुकत होता आणि मी खाली टाइप केलं, कार्यरत. पाठवून दिलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला आता कुणी सांगावं लागत नाही.

दहा मिनिटांत रसिकाचं उत्तर आलं. आभार, शेरा बंद केला आहे. राजेंद्रसर म्हणाले, "शाब्बास. आता तिला सोड गेटपर्यंत. चहा पाज."

मी खाली गेले. सरुबाई काम करत होती. तिच्या डाव्या हाताला घड्यांची थप्पी लागली होती आणि बाजूला टाकलेले दोन टॉवेल होते. नवी बाई भिंतीशी उभी होती, काय करावं तिला कळत नव्हतं.

"झालं सरुबाई," मी म्हटलं. "फोटो पास झाला. चला, चहा घेऊ."

ती उठली नाही. तिने हातातला टॉवेल उलटा केला, कडेवरून बोटं फिरवली, एक धागा कापला.

"सरुबाई, चला ना. सरांनी सांगितलंय."

"मॅडम," ती म्हणाली. आवाज पढवलेल्या उत्तरांसारखाच खणखणीत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "नऊ वर्षं उभी राहिली मी इथं. आज सुटेपर्यंत बसते. मग जाते."

बायकांचे हात थांबले. वर काचेमागे राजेंद्रसर उभे होते. त्यांनी हाताने मला विचारलं, काय झालं. कंपनीचा गार्डही दारात येऊन थांबला होता. मी वर पाहिलं आणि सहा बोटं दाखवली. सहा वाजेपर्यंत, हे त्यांना कळलं की नाही माहीत नाही, पण गार्डला मी परत पाठवलं. नोकरीतल्या सात वर्षांत मी त्या बाईसाठी केलेलं काम म्हणायचं तर एवढंच.

ती बसली. जेवायच्या सुट्टीतही जागची उठली नाही, गुड्डीने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. चार वाजता नवी बाई तिच्याशेजारी एक खोकं ओढून घड्या घालायला लागली आणि सरुबाई तिला विणीतली चूक बोटांनी कशी ओळखायची ते सांगत होती. सहाला भोंगा झाला. ती टेबलाला धरून उठली, कटर जागच्या जागी ठेवला, आणि गेटवर कार्ड देऊन गेली.

मी मेलमध्ये तिच्या नावापुढे कार्यरत लिहिलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत ते खरं होतं.